पाऊस आणि डोंगर यांची विद्या आपल्या मुलामुलींनी हस्तगत केली पाहिजे

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तुम्ही नुकतीच बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली आहे. घरातील देव्हारा गेला, नवस गेले, गंडेदोरे गेले. जुने टाकून देण्याचे काम तुम्ही धैर्याने केले. आता रिकाम्या झालेल्या जागी काय आणावयाचे, हा प्रश्न तुमच्यापुढे आहे. बाबासाहेबांनी त्याचे उत्तर आपल्या आयुष्याने देऊन ठेवले आहे. ते उत्तर म्हणजे विद्या. परंतु विद्या हा शब्द फार ढोबळ आहे. कोणती विद्या, ती कोठे मिळते, तिच्यासाठी अर्ज कोणाकडे, केव्हा आणि कसा करावयाचा, हे सांगितल्यावाचून नुसते 'शिका' म्हणणे म्हणजे भुकेल्याला पक्वान्नांची नावे ऐकविण्यासारखे आहे. म्हणून आज मी एकाच विद्येविषयी बोलणार आहे. ती विद्या म्हणजे भूशास्त्र आणि हवामानशास्त्र. म्हणजेच डोंगर, नदी, वारा आणि पाऊस यांची विद्या. पदवीनंतर ह्या विषयाच्या उच्च शिक्षणासाठी अर्ज कसा करावा, हे मी तुम्हांला सांगणार आहे. हा विषय मुंबई-पुण्याच्या लोकांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे तुमच्यापैकी कोणी मनात म्हणेल. माझे म्हणणे उलट आहे. तो विषय प्रथम आपला आहे, मग इतरांचा.

कागदावरचा हक्क आणि हातातले पाणी

ज्या महाडात आपण राहतो, त्या महाडाचा इतिहास तुम्हांला ठाऊक आहेच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले काय? आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही कोर्टाचा झगडा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. कागदावरचा हक्क आणि हातातले पाणी यांच्यामध्ये दहा-चौदा वर्षांचे अंतर पडले.

आज विद्येच्या बाबतीत आपली स्थिती तशीच आहे. राखीव जागा कागदावर आहेत. शिष्यवृत्त्या कागदावर आहेत. त्या मागावयास मनुष्य गेलाच नाही, किंवा गेला पण मुदत संपल्यावर गेला, तर त्या असून नसल्यासारख्या होत. तळ्यावर जावयास निर्धार लागला. येथे निर्धाराबरोबर तारीख, नियम आणि दाखला ह्यांचीही गरज आहे.

डोंगर कोसळतो, त्याला कारण असते

हा विषय प्रथम आपला, असे मी का म्हणतो? २००५ सालच्या जुलैच्या अखेरीस ह्याच तालुक्यात जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील जुना पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्या व इतर वाहने उतारूंसह नदीत गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर डोंगर आला व ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही माणसे दगावली, आणि महाड शहर पाण्याखाली गेले. महाबळेश्वर येथे २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. म्हणजे सपाट जमिनीवर ते पाणी साठविले असते, तर एका दिवसात जवळजवळ दोन फूट उभे राहिले असते.

अशा वेळी लोक काय म्हणतात? देवीचा कोप झाला, गावाने नेम मोडला, असे म्हणतात. तुम्ही बौद्ध आहात. तुम्हांला असे म्हणता येणार नाही. कारणावाचून कार्य होत नाही, ही भगवान बुद्धाच्या शिकवणीची बैठक आहे. प्रतीत्यसमुत्पाद तो हाच. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा मोठ्याच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश त्याने कालामांना केला. तेव्हा डोंगर का कोसळला, हे विचारणे म्हणजेच धम्माप्रमाणे वागणे होय.

आता कारण ऐका. नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतो. त्याच्या वाटेत सह्याद्रीची भिंत उभी आहे. वारा तिच्यावर चढतो, चढताना थंड होतो, बाष्पाचे थेंब होतात आणि कोकणच्या अंगाला व घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. हा सह्याद्री काळ्या खडकाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो झाला. वरचा खडक ऊनपावसाने कुजून त्याची माती आणि मुरूम झालेला आहे. पाणी त्या मातीत मुरते, खाली घट्ट कातळ लागला की तेथे अडते, मातीच्या कणांमधील पोकळी भरून टाकते आणि आतून दाब देऊ लागते. कणांची एकमेकांवरील पकड सुटते. उतार उभा असेल तर सारा थर एकदम खाली येतो. उतारावर नवी भेग पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ होणे, ही त्याची पूर्वचिन्हे होत. ती दिसताच घर सोडावे. पुराचेही तसेच आहे. सावित्री ही लांबीने लहान नदी. घाटावर पडलेले पाणी काही तासांत महाडपर्यंत येते. गांधारी आणि काळ ह्या नद्या आपले पाणी तिच्यात घालतात. आणि त्याच वेळी बाणकोटच्या खाडीत भरती असली, तर पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाही.

परंतु एवढे ठाऊक असूनही पुष्कळ गोष्टी शोधावयाच्या राहिल्या आहेत. एकाच रात्रीच्या एकाच पावसात एक उतार कोसळला आणि शेजारचा उभा राहिला, तो का? किती तासांत किती पाऊस झाला म्हणजे कोणत्या वाडीने बाहेर पडावे? हे प्रश्न पुण्याच्या किंवा दिल्लीच्या खोलीत बसून सुटत नाहीत. ज्याने तो उतार पायाखाली घातला आहे, ज्याला त्या वाडीतील झरा कोणत्या महिन्यात आटतो हे ठाऊक आहे, अशा मनुष्याच्या हाती शास्त्राची साधने आली पाहिजेत. तो मनुष्य तुमच्या घरात आहे. तो आज कदाचित नववीत शिकत असेल.

बाबासाहेबांचे दोन धडे

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातले. तेथील कुळातील हा पुरुष १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेला, तो सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. १९१६ साली ते लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयात दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धवट ठेवून परत यावे लागले. तेव्हा ते निराश झाले नाहीत. पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली, मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना ह्या मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. व १९२३ साली डी.एस्सी. झाले. पहिला धडा हा की, एका वर्षी दार बंद झाले म्हणजे आयुष्याचे दार बंद झाले असे नव्हे. मात्र पुन्हा येण्याची लेखी परवानगी मागून ठेवावी लागते.

दुसरा धडा फार थोड्यांना ठाऊक आहे. १९४२ ते १९४६ ह्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि नद्यांचे नियोजन व वीज हा विषय त्यांच्या खात्याकडे होता. दामोदर नदीची योजना त्या काळातली. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते. पुराचे पाणी हे केवळ संकट समजून समुद्रात काढून देऊ नका, ते साठवा आणि लोकांच्या कामी आणा, असा त्यांचा आग्रह होता. चवदार तळ्याचे पाणी मागणारा नेता पुढे देशातील नद्यांच्या पाण्याचा विचार करू लागला. पाण्यावरील हक्क आणि पाण्याचे ज्ञान ह्या त्यांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

अर्जाची तयारी अकरावीत सुरू होते

आता मार्ग सांगतो. हवामानशास्त्र किंवा भूभौतिकी शिकावयाची असेल, तर अकरावीला विज्ञान शाखा घ्यावी आणि तिच्यात गणित ठेवावे. गणित अवघड आहे म्हणून ते सोडण्याचा सल्ला पुष्कळ जण देतील. तो मानू नका. ज्याने सोळाव्या वर्षी गणित सोडले, त्याने बाविसाव्या वर्षीचा अर्ज त्याच दिवशी फाडून टाकला असे समजा. त्यानंतर भौतिकशास्त्र वा गणित घेऊन बी.एस्सी. करावी. ज्याला खडक आणि जमीन यांचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने भूशास्त्र विषय असलेले महाविद्यालय शोधावे. अशी महाविद्यालये थोडी आहेत. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे फर्ग्युसन ही त्यांपैकी दोन.

पदवीनंतर दोन वाटा फुटतात. पहिली विद्यापीठाची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे व वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. दुसरी वाट आय.आय.टी.ची. तेथील एम.एस्सी.साठी 'जॅम' नावाची परीक्षा देशभर फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात भरावे लागतात. तिच्यात भूशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित ह्या विषयांच्या प्रश्नपत्रिका असतात. मुंबई, खरगपूर, रुरकी व धनबाद येथील संस्थांत भूशास्त्राचे उच्च शिक्षण आहे. अनुसूचित जातींसाठी तेथे जागा राखीव आहेत आणि फीमध्ये व गुणांच्या निकषात सवलत आहे. पण तुमच्या मुलाने शेवटच्या वर्षाची परीक्षा संपल्यावर चौकशी सुरू केली, तर जॅम तीन महिन्यांपूर्वीच होऊन गेलेली असते. म्हणून शेवटच्या वर्षाच्या गणपतीपर्यंत अर्जाची कागदपत्रे तयार ठेवावीत.

एम.एस्सी.नंतर पीएच.डी. तिच्यासाठी 'नेट' ही परीक्षा आहे. त्या परीक्षेत पृथ्वी, वातावरण, सागर व ग्रहविज्ञान असा एक स्वतंत्र विषयच आहे. तिच्यात कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडे मिळते. दोन वर्षांनंतर ती रक्कम ४२,००० होते. वयोमर्यादेत अनुसूचित जातींना व स्त्रियांना सवलत आहे. 'गेट' ही दुसरी परीक्षा. तिच्यातही भूशास्त्र व भूभौतिकीचा पेपर आहे. पुण्याच्या पाषाण भागात १९६२ साली स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय हवामान संस्था संशोधक विद्यार्थी घेते. ह्याच संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरला आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की ती आली. ज्या ढगांखाली आपण भातलावणी करतो, तेच ढग तेथे मोजले जातात. तुमच्या मुलांनी ती प्रयोगशाळा एकदा तरी बाहेरून पाहावी.

दाखले: येथे अर्धी लढाई हरली जाते

नवदीक्षित कुटुंबांनो, हा भाग नीट ऐका. धर्मांतर केले म्हणजे सवलती जातात, अशी भीती अजूनही घातली जाते. १९५६ नंतर पुष्कळ वर्षे तसा अन्याय खरोखरच झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदू असावा अशी अट होती. १९५६ साली शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्यापुरत्या सवलती दिल्या; पण केंद्राच्या सवलतींसाठी चळवळ करावी लागली आणि १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली. आज अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या मनुष्याचा हक्क राज्यात आणि केंद्रात दोन्हीकडे कायम आहे. कोणी काही म्हटले, तर १९९० च्या दुरुस्तीचे नाव सांगा.

मात्र दाखल्यात काय लिहिले आहे ते पाहा. आय.आय.टी., नेट आणि केंद्राच्या शिष्यवृत्त्या यांना केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि त्यात मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो. नुसते 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' लिहिलेला कागद घेऊन मुलगा मुलाखतीला गेला, तर तेथे अडतो. ज्या जातीला आपण लाथाडले, तिचे नाव पुन्हा कागदावर का, असा संताप तुम्हांला येईल. तो रास्त आहे. पण तो उल्लेख म्हणजे आपली ओळख नव्हे. आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची ती सरकारी नोंद आहे, आणि त्या अन्यायाची भरपाई मागताना ती दाखवावीच लागते. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असेच लिहा आणि प्रांताधिकाऱ्यांकडून केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र वेगळे मागून घ्या.

राज्यात त्याशिवाय जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जातींच्या कुटुंबाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेतील दाखला, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, जुन्या वतनी जमिनीचा उतारा, ह्यांपैकी जे सापडेल ते आजच काढून ठेवा. हे काम प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. मूल दहावीत असताना ते सुरू करा. दीक्षेनंतर कोणी आडनाव वा नाव बदलले असेल, तर त्याची राजपत्रात नोंद करून घ्या व सर्व कागदांवर एकच नाव ठेवा. आणखी एक गोष्ट. २०२१ च्या पुरात महाडमधील कितीतरी घरांतले कागद चिखल झाले. मूळ कागद उंच जागी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा, आणि प्रत्येकाची एक प्रत दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवा.

अर्जात काय लिहावे

संशोधनाच्या प्रवेशासाठी, विशेषतः परदेशात, गुणांखेरीज दोन गोष्टी पाहतात. पहिली, शिफारसपत्रे. बहुधा तीन लागतात. ती गावच्या पुढाऱ्याची वा आमदाराची चालत नाहीत. ज्या प्राध्यापकाने तुमच्या मुलाचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे, त्याचीच चालतात. म्हणून वर्गात मागे बसून चांगले गुण मिळविणे पुरेसे नाही. शिक्षकांना प्रश्न विचारावे, त्यांच्या हाताखाली एखादे लहान काम मागून घ्यावे, आणि पत्र हवे असेल तेव्हा किमान एक महिना आधी सांगावे. आपल्या मुलांना मागण्याचा संकोच वाटतो. तो संकोच त्यांच्या स्वभावाचा नव्हे, आपल्या इतिहासाचा आहे. तो घरातच मोडून काढला पाहिजे.

दुसरी गोष्ट, आपण हा विषय का घेतो हे सांगणारे निवेदन. पुष्कळ मुले त्यात लिहितात की, मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे आणि मला देशसेवा करावयाची आहे. असे निवेदन हजारो जण लिहितात. वाचणारा ते बाजूला ठेवतो. आपल्या दारिद्र्याचे वर्णनही लांबवू नये. ते दोन ओळींत, ताठ मानेने सांगावे. निवेदनात प्रश्न असावा. उदाहरणार्थ, 'माझ्या तालुक्यात जुलै २०२१ मध्ये एकाच पावसात काही उतार कोसळले व काही टिकले. त्या उतारांवरील मातीची जाडी आणि झऱ्यांच्या जागा यांचा ह्या फरकाशी काय संबंध आहे, हे मला शोधावयाचे आहे. त्यासाठी मी आजवर अमुक मोजले आहे आणि अमुक शिकलो आहे.' एवढ्या चार ओळी वाचून जगातील कोणताही प्राध्यापक थांबेल. कारण असा प्रश्न पुस्तकातून उचलता येत नाही.

'मी अमुक मोजले आहे' असे लिहावयास काही तरी मोजलेले हवे. त्याची सोय आपल्या हाती आहे. प्रत्येक विहाराच्या अंगणात एक पर्जन्यमापक बसवा. तो महाग नसतो. सकाळी साडेआठ वाजता, रोज त्याच वेळी, विहारातील एका मुलाने वा मुलीने पाऊस मोजून वहीत लिहावा. हवामान खात्याची पावसाच्या मोजणीची वेळ हीच आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास आपण पाळतोच. त्या तीन महिन्यांत धम्मग्रंथाच्या वाचनाबरोबर ही वहीही चालवावी. महाड-पोलादपूरच्या दहा वाड्यांतील चार वर्षांच्या अशा वह्या जमल्या, तर ते शास्त्राच्या उपयोगाचे धन होईल, आणि ज्याने ती वही ठेवली त्याच्या अर्जाला आधार मिळेल.

परदेशाविषयी थोडे सांगतो. अमेरिकेतील विद्यापीठांत ह्या विषयाच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा फी माफ असते आणि संशोधन वा अध्यापन साहाय्यक म्हणून निर्वाहापुरते वेतन मिळते. म्हणून तेथे प्रवेश म्हणजे बव्हंशी एका विशिष्ट प्राध्यापकाच्या हाताखाली काम मिळणे होय. सप्टेंबर-ऑक्टोबरात अशा प्राध्यापकांना लहानसे, मुद्देसूद पत्र पाठवावे. त्यांनी केलेले काम आधी वाचावे, आणि नव्या विद्यार्थ्याला जागा आहे काय, असे सरळ विचारावे. अर्जाची मुदत साधारण डिसेंबर-जानेवारीत संपते आणि होकार देण्याची अखेरची तारीख बहुतेक ठिकाणी १५ एप्रिल असते. अर्जाची फी परवडत नसेल, तर ती माफ करण्याविषयी आधी लिहावे. पुष्कळ विद्यापीठे ती माफ करतात. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, त्याच विद्यापीठाची लॅमाँट-डोहर्टी ही १९४९ साली स्थापन झालेली वेधशाळा भूशास्त्राच्या जगप्रसिद्ध संस्थांपैकी एक आहे. तेथील दारावर बाबासाहेबांच्या वंशाने पुन्हा थाप मारावी, असे मला वाटते.

पैशासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ सालापासून आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. देशातील संशोधनासाठी पुण्याच्या 'बार्टी' संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे, आणि पदवी-पदव्युत्तर शिक्षणासाठी बाबासाहेबांच्या प्रयत्नाने १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, समाजकल्याणची वसतिगृहे आणि वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. उत्पन्न, वय व विद्यापीठ ह्यांविषयीच्या अटी वेळोवेळी बदलतात. गेल्या वर्षीचा नियम ऐकून बसू नका; त्या वर्षीची जाहिरात अथपासून इतिपर्यंत वाचा.

घरातील शंका

तुमच्या मनात तीन शंका येतील. पहिली, एवढे शिकून पोट भरेल काय? बारावी झालेला मुलगा औद्योगिक वसाहतीत लागला तर उद्यापासून पगार घरी येतो, हे मी नाकारीत नाही. पण भूशास्त्रात वा भूभौतिकीत एम.एस्सी. झालेल्याला संघ लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात अधिकारी होता येते. हवामान खाते आहे, राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, विद्यापीठे आहेत. ज्याचे वडील दरडीच्या भीतीने रात्र जागून काढतात, त्याचा मुलगा उद्या दरडीचा नकाशा काढणारा अधिकारी झाला, तर ते केवळ एका घराचे पोट भरणे नव्हे.

दुसरी शंका, मुलीला इतके दूर कसे पाठवावे? अ‍ॅना मणी ह्या बाईंचे उदाहरण घ्या. १९१८ साली त्रावणकोरात जन्मलेल्या ह्या बाईंनी बंगळूरला संशोधन करून प्रबंध लिहिला, पण एम.एस्सी.ची पदवी नाही एवढ्या कारणावरून विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. त्या खचल्या नाहीत. १९४५ साली सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या, हवामानाची उपकरणे शिकल्या, १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि पर्जन्यमापकापासून किती तरी उपकरणे देशातच होऊ लागली, त्यामागे त्यांचे कष्ट होते. पुढे त्या खात्याच्या उपमहासंचालक झाल्या. मुलगी काय करू शकते, हे त्यातून दिसते. आणि पात्रतेचा नियम आधी वाचला पाहिजे, हेही दिसते.

तिसरी शंका, नकार आला तर? येईल. पहिल्या वर्षी पुष्कळांना येतो. नकाराचे कारण विचारावे, उणीव भरावी व पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. नकाराचे पत्र आलेल्या मुलाला घरात टोमणे मारू नका. त्याला एक वर्ष द्या. शिष्यवृत्ती संपून १९१७ साली परत आलेल्या बाबासाहेबांना तीन वर्षे थांबावे लागले होते.

विहारांनी करावयाची कामे

शेवटी तुम्हांला काम सांगून थांबतो. प्रत्येक विहाराने एक कपाट घ्यावे व त्यात जॅम, नेट आणि गेटच्या मागील प्रश्नपत्रिका ठेवाव्यात. भिंतीवर एक मोठे कोष्टक लावून प्रत्येक अर्जाची तारीख लिहावी आणि एका जाणत्या मनुष्याने दर पौर्णिमेला ती सर्वांना वाचून दाखवावी. जयंतीच्या वर्गणीतून एक हिस्सा अर्जाच्या फीसाठी व परीक्षेच्या प्रवासखर्चासाठी बाजूला काढावा. महाडात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९६१ सालापासून आहे. तेथील प्राध्यापकांना विहारात बोलावून मुलांची ओळख करून द्यावी. आणि यंदाच्या वर्षावासाच्या पहिल्या सकाळी साडेआठ वाजता पावसाची वही सुरू करावी. तिच्या पहिल्या पानावर गावाचे नाव, तारीख आणि मोजणाऱ्या मुलाचे वा मुलीचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहावे.

नमो बुद्धाय. जयभीम.